इन्सुलिनची चिठ्ठी आणि 'प्रश्न उद्भवत नाही'

बाबांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. मिल बंद पडली तेव्हा हाती आलेले पैसे माझ्या दोन बहिणींच्या लग्नांत गेले. आता ईपीएस-९५ची पेन्शन येते ती महिन्याला हजार रुपयांच्या जराशी वर. त्यामुळे इन्सुलिन शासकीय रुग्णालयातूनच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बर्फ घातलेला स्टीलचा थर्मास पिशवीत टाकून ते साडेआठलाच रांगेत लागतात. रांग त्यांना आवडतेच म्हणा. तिथे मिलमधले दोघं-तिघं हमखास भेटतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांची साखर ३४० निघाली आणि मग सगळं बाहेर आलं. थर्मास गेले तीन महिने रिकामाच घरी येत होता. खिडकीवरून कुपीऐवजी चिठ्ठी मिळायची. केसपेपरच्या मागचा फाडलेला कोपरा, त्यावर निळ्या पेनाने इन्सुलिनचं नाव आणि खाली दोनच अक्षरं, 'बा. आ.' म्हणजे बाहेरून आणा. अशा तीन चिठ्ठ्या त्यांनी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवल्या होत्या. बाहेर कुपीला दीडेकशे रुपये लागतात, म्हणून महिन्याला तीन लागत असताना ते दीडच घेत होते. मी विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "तुला काहून सांगायचं, तुझंही भागलं पाहिजे ना."

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांवर माझा राग नाही, हे पुढे कळेलच. आणि ही गोष्ट त्याच एका रुग्णालयाची असेल असंही मला वाटत नाही.

मी नागपुरात सीताबर्डीला एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते, बावीस वर्षं झाली. दुसऱ्यांची बिलं तपासणं हाच माझा उद्योग. तरी सरकारी औषध खरेदीचे पैसे कुठून निघतात नि कुठे जातात, याची मला काडीची कल्पना नव्हती. ती यायला पंधरा महिने लागले. असं काही करायचं कुणाच्या मनात असेल तर मला पडलेले वळसे त्याला पडू नयेत, म्हणून तारखांसकट लिहितेय.

त्याच डिसेंबरात इथं विधिमंडळाचं अधिवेशन होतं, १६ ते २१ डिसेंबर. १९५३च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन आमच्या वाट्याला आलंय. नागपूरकरांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे आणि ऑफिसला जायला पाऊण तास जास्त. शेवटच्या दिवशी, २१ तारखेला, कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, एक अहवाल सभागृहात ठेवला गेला. विषय होता सार्वजनिक आरोग्याच्या पायाभूत सुविधा आणि आरोग्य सेवांचं व्यवस्थापन, २०१६-१७ ते २०२१-२२ या वर्षांचा. पेपरात बातमी वाचली आणि आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. काका ए. जी. म्हणजे महालेखाकारांच्या ऑफिसातून, ऑडिटमधून निवृत्त झालेले. पॅरा (म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप), हाफ मार्जिन, ड्रॉप झाला, असं बोलतात. अर्धं आपल्याला कळत नाही.

काका म्हणाले, "अहवाल ठेवला म्हणजे काम झालं असं नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे तो राज्यपालांमार्फत सभागृहात आला. आता जाईल लोकलेखा समितीकडे. समिती त्यातले पॅरे निवडते, खात्याकडून लेखी खुलासा मागवते, सचिवांना साक्षीला बोलावते, मग स्वतःचा अहवाल देते. त्यावर खात्यानं काय केलं, ते पुन्हा वेगळं. तोवर तुझ्या बाबांची साखर कोण बघून राहिलं?"

ही समिती आमदारांचीच असते. संसदेतही आहे, तिथे २२ सदस्य, १५ लोकसभेचे नि ७ राज्यसभेचे. ती १९२१ पासूनची, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे. मला हे सगळं नवीनच होतं. सभागृहात आरडाओरडा होतो तेवढंच टीव्हीवर दिसतं. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, तिथे कॅमेरा जात नाही.

कॅगचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी औषध खरेदीचा भाग तेवढा छापून घेतला आणि चार रविवार वाचला. २०१७ मध्ये राज्याने औषधांची मध्यवर्ती खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली होती. रुग्णालयांनी मागणी नोंदवली, पैसे वर्ग झाले आणि औषध वेळेत आलं नाही, असा प्रकार त्यात पुन्हा पुन्हा भेटतो. पुढे २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. म्हणजे अहवाल जुन्या व्यवस्थेचा आणि बाबांच्या चिठ्ठ्या नव्या काळातल्या. आता काय चाललंय हे मलाच शोधावं लागणार होतं.

६ जानेवारी २०२५ ला माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज टाकला. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ऑनलाइनही करता येतो, पण मला आवक खिडकीवरचा शिक्का असलेली पोच हातात हवी होती. स्टॅम्प जिल्हा न्यायालयाजवळच्या विक्रेत्यांकडे मिळतो. दहाचा सुटा नाही म्हणाले तर दुसऱ्याकडे जा, मी वीसचा घेऊन बसले. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. माझा वीस शब्दांतच आटपला होता: गेल्या तीन वर्षांत औषधांवर किती खर्च झाला?

त्यात दोन चुका झाल्या. पहिली, अर्ज भलत्याच खात्याकडे गेला. शासकीय रुग्णालय म्हणजे एकच सरकार, असं मला वाटायचं. पण काही रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची, काही वैद्यकीय शिक्षण विभागाची, काही महानगरपालिकेची. तिघांची तिजोरी वेगळी, नियम वेगळे. १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचार झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत; मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांना ते लागू नाही. अर्ज चुकला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. माझ्या अर्जाला एकोणीस दिवस लागले. केसपेपरच्या माथ्यावर खात्याचं नाव छापलेलं असतं, ते आधी वाचा. मी नंतर वाचलं.

दुसरी चूक मोठी होती. २४ फेब्रुवारीला उत्तर आलं. तीन ओळी, तीन आकडे. प्रत्येक वर्षाची एकेक रक्कम, कोटींमध्ये. कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आकडा बरोबर असेलही, पण त्याचं करायचं काय? दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या सरांना दाखवला. ते ताळेबंदांच्या गठ्ठ्यातून मानही वर न करता म्हणाले, "रक्कम काय विचारता? व्हाउचरची तारीख विचारा."

बावीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलेय. मार्चअखेरीस एकाच दिवशी फाडलेली दहा बिलं दिसली की आपण थांबतो. रक्कम कुणीही जुळवून देतो. तारखा जुळवणं कठीण.

म्हणून ३ मार्चला दुसरा अर्ज केला. या वेळी एकच औषध, इन्सुलिनची कुपी. काळ एप्रिल ते डिसेंबर २०२४. मागितलं ते असं: साठा नोंदवहीतली त्या औषधाची पानं, वर पाठवलेली मागणीपत्रं नि स्मरणपत्रं, पुरवठ्याची चलनं, स्थानिक खरेदीचे आदेश व बिलं, आणि त्या फाइलमधल्या टिप्पण्या. शेवटचा शब्द काकांनी घालायला लावला. "टिप्पणी माग. पत्र सगळ्यांसाठी असते, टिप्पणी आपसातली असते."

तीस दिवस गेले. काही आलं नाही. ९ एप्रिलला प्रथम अपील केलं, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प, रजिस्टर पोस्टाने. (२०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, आता स्पीड पोस्टच करावं लागेल. पोचपावती मात्र मागून घ्या.) मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत अपील करायचं असतं. "येईल, येईल" करत तो काळ घालवू नये. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा असाच गेला.

सुनावणी १५ मेला दुपारी साडेतीनला होती. नागपूरचा मे. स्कूटर सावलीत लावायला जागा नव्हती म्हणून परत आल्यावर सीटवर ओला रुमाल टाकूनच बसावं लागलं. आत जाताना पोटात गोळा आला होता. कोर्टासारखं काही असेल वाटलं होतं. होतं काय, तर एक केबिन, कूलरची घरघर, समोर अपिलीय अधिकारी आणि बाजूला जन माहिती अधिकारी, तेही माझ्याइतकेच घामाघूम. ते म्हणाले, माहिती मोठ्या प्रमाणावर आहे, कलम ७(९) प्रमाणे ती गोळा करायला कार्यालयाची बरीच साधनं खर्ची पडतील. काकांनी याचा उतारा आधीच देऊन ठेवला होता. मी म्हटलं, "गोळा करू नका साहेब. नोंदवही जिथे आहे तिथे मीच येते आणि बघते. मला कलम २ प्रमाणे पाहणीचा अधिकार आहे." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखंच झालं. आदेश निघाला: तीन आठवड्यांत अभिलेख दाखवावेत, आणि मुदत उलटून गेल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य द्याव्यात. एरवी पानाला दोन रुपये पडतात. माझी ४१ पानं झाली, म्हणजे ब्याऐंशी रुपये वाचले. स्टॅम्पला सगळे मिळून पन्नास लागले होते.

३ जूनला अकरा वाजता औषध भांडारात गेले. लांबट खोली, भिंतीला टेकून सलाइनची खोकी, कोपऱ्यात फ्रिज आणि त्याच्या दाराला दोऱ्याने बांधलेली वही. त्या वहीत सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, दोन ते आठ अंशांच्या आत. एकही दिवस सुटलेला नव्हता. भांडार सांभाळणाऱ्या फार्मासिस्ट मॅडम पन्नाशीच्या. सुरुवातीला तुटक बोलत होत्या. मी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या तशा म्हणाल्या, "यातली ही मीच लिहिली आहे." मग चहा मागवला.

साठा नोंदवही म्हणजे लाल कापडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ. रकाने तेच, आपल्या स्टॉक रजिस्टरसारखे: प्राप्त, वाटप, शिल्लक. इन्सुलिनच्या पानावर मी पट्टी ठेवली आणि बाबांच्या चिठ्ठ्यांच्या तारखा लावून बघितल्या. ३ सप्टेंबर, शिल्लक निरंक. १ ऑक्टोबर, निरंक. ५ नोव्हेंबर, निरंक. तिन्ही मंगळवार. १८ ऑगस्ट ते ९ ऑक्टोबर असे सलग ५३ दिवस त्या रकान्यात लाल शाईने 'निरंक' लिहिलेलं होतं. १० ऑक्टोबरला ४०० कुप्या आल्या, त्या २ नोव्हेंबरपर्यंत संपल्या, पुढच्या आल्या थेट ६ डिसेंबरला. एवढं सगळं त्या एका पानावर, आणि मी आठवडाभर तीन वर्षांच्या कोटी कोटींच्या आकड्यांकडे बघत बसले होते.

मग मागणीची फाइल. खरं सांगते, चोर सापडणार म्हणूनच मी ती उघडली. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नसल्याचं प्रकरण ताजं होतं. डोक्यात तेच.

पहिलं मागणीपत्र १२ मार्च २०२४ चं. चार दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. पहिल्या स्मरणपत्राच्या उत्तरात तेच कारण. (काका यावर हसले. "आचारसंहिता म्हणजे सगळ्यांची लाडकी.") आणखी दोन स्मरणपत्रं. ऑगस्टात साठा संपला, तेव्हा २६ ऑगस्टला स्थानिक खरेदीचा प्रस्ताव निघाला. तातडीच्या गरजेला थोडी खरेदी जागेवर करता यावी म्हणूनच ही सोय आहे. प्रस्तावाला दरपत्रकं जोडलेली. त्याच पानावर अनुदानाची स्थिती लिहिलेली, 'सामग्री व पुरवठा' या शीर्षाखाली रक्कम शिल्लक. म्हणजे पैसे नव्हते, हे काही खरं नाही.

त्या टिप्पणीच्या खाली, समासात, हिरव्या शाईत दोनच शब्द: 'चर्चा करावी.'

पुढची नोंद सतरा दिवसांनी. 'चर्चेप्रमाणे फेरसादर.' मग एका टेबलावर गणपती धरून नऊ दिवस, दुसऱ्यावर एक बदली. मंजुरी ४ ऑक्टोबरला. चाळीसेक दिवस ती फाइल एका इमारतीत दोन मजल्यांवर फिरत होती. त्या समासाचं मी झेरॉक्समध्ये मुद्दाम मोठं पान करून घेतलं. चर्चा झाली असेल का? कशावर? इन्सुलिनवर चर्चा करण्यासारखं काय असतं? मॅडम म्हणाल्या, "काही नसते हो. वर बसलेल्या माणसाला सही करायची भीती वाटते. उद्या ऑडिट आलं तर."

हे मला फार लागलं. ऑडिटच्या भीतीने उशीर, आणि उशीर झाला म्हणून पुन्हा ऑडिटचा पॅरा. शिवाय उशीर स्वस्तही पडला नव्हता. दर करारातल्या कुपीची चलनं आणि स्थानिक खरेदीचं बिल शेजारी ठेवलं, तर दरात जवळपास दुपटीचा फरक. बिल नियमात बसत होतं, दरपत्रकं तीन होती, सह्या होत्या. ते बिल माझ्या ऑफिसात आलं असतं तर मीही टिक करून पुढे सरकवलं असतं.

आता हे कागद घेऊन कुठे जायचं? काकांनी तीन वाटा सांगितल्या: आमदारांमार्फत प्रश्न, विधानमंडळाची विनंती अर्ज समिती, किंवा लोकलेखा समितीला सरळ पत्र. मी पहिली आणि तिसरी धरली.

आमदारांच्या संपर्क कार्यालयात जुलैत दोनदा जाऊन आले. पावसाळी अधिवेशन मुंबईत चालू होतं, कुणी भेटलं नाही. तिसऱ्या खेपेला पीए भेटले. तिशीतला मुलगा, दोन फोन, पण कागद नीट वाचणारा.

"घोटाळा कोणता आहे ताई?"

"घोटाळा नाही. उशीर आहे."

"उशिराचा प्रश्न कोण विचारते? त्याची बातमी नाही होत."

मी चिठ्ठ्या दाखवल्या. त्याने झेरॉक्स काढून घेतली आणि गणपतीनंतर या म्हणाला. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, डिसेंबरात कागद घेऊन धावण्यात अर्थ नसतो. हिवाळी अधिवेशनात काही विचारलं जावं असं वाटत असेल तर सप्टेंबरातच आमदारांकडे पोचा.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते, ती त्याने शिकवली. सगळं एका दमात, 'हे खरे आहे काय' करत जायचं. आमचा असा झाला: (१) सदर रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ या कालावधीत इन्सुलिनचा साठा संपुष्टात आला होता, हे खरे आहे काय, (२) असल्यास, मागणीपत्र, स्थानिक खरेदीचा प्रस्ताव, मंजुरी व प्रत्यक्ष पुरवठा यांचे दिनांक काय आहेत, (३) असल्यास, याप्रकरणी कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मी सात पोटप्रश्न नेले होते. त्याने चार कापले. दुसऱ्यातले दिनांकही तो कापत होता, तिथे मी अडून बसले. 'विलंबाची कारणे काय आहेत' मात्र त्याने आपणहून घातलं. म्हणे, हे प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी असतेच.

लोकलेखा समितीसाठी चार पानांचं पत्र केलं, सोबत ४१ पानं. मुंबईला जावं लागेल वाटलं होतं, पण २०२१ पासून नागपूरच्या विधानभवनात सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष आहे. २२ सप्टेंबरला ऑफिसातून अर्धी सुटी काढून तिथे टपाल दिलं. अधिवेशन नसताना विधानभवन केवढं शांत असतं! कारंज्याच्या बाजूला माळी पाइप धरून उभा, दुसरं चिटपाखरू नाही. पोच मिळाली. त्यापलीकडे आजवर काही नाही. काकांनी बजावलंय, समितीपुढे काय चाललंय हे माहितीच्या अधिकारात मागायला जाऊ नकोस, सभागृहाच्या विशेषाधिकाराचं कलम ८(१)(सी) पुढे करून नाकारतील. समितीचा अहवाल सभागृहात ठेवला गेला की सगळ्यांना वाचता येतो. तोवर वाट बघायची.

२०२५ चं अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, अवघं आठवडाभर. बुधवारी आमदार निवासावर गेले. गेटवर बाहेरच्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला आलेले पोलीस उन्हात पाठ शेकत बसले होते. एकाने "कोणता मोर्चा?" म्हणून विचारलं. एकटीचा, म्हटलं.

पीए जिन्यातच भेटला. हातात छापील याद्यांचा गठ्ठा.

"ताई, तुमच्या प्रश्नाचा तारा गळाला."

तारांकित म्हणून दिलेला प्रश्न अतारांकित झाला होता. तारांकित असला तर मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर, तेही सवडीने. मला रडूच आलं जिन्यात. त्या मुलाने बिचाऱ्याने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "तारांकित यादीत असता तरी खालच्या नंबरला गेला असता. तासाभरात खालचे प्रश्न येतच नाहीत. लेखी निदान कागदावर तरी येते." तेव्हा ते सांत्वन वाटलं. आता वाटतं, तो अगदी बरोबर बोलत होता.

उत्तर आलं यंदा फेब्रुवारीत. पीएने पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, रात्री पावणेदहाला. भांडी घासता घासता हात पुसून वाचलं.

(१) अंशतः खरे आहे. (२) सदर औषधाचे मागणीपत्र दिनांक १२ मार्च २०२४ रोजी सादर करण्यात आले असून दिनांक १० ऑक्टोबर २०२४ रोजी स्थानिक स्तरावर खरेदी करून औषध उपलब्ध करून देण्यात आले. (३) प्रश्न उद्भवत नाही. (४) प्रश्न उद्भवत नाही.

चार तारखा विचारल्या होत्या, दोन मिळाल्या. २६ ऑगस्ट नाही, ४ ऑक्टोबर नाही, म्हणजे हिरव्या शाईचे दिवस गाळले. पण १२ मार्च आणि १० ऑक्टोबर या दोन तारखा आता सरकारच्याच उत्तरात छापल्या गेल्या आहेत, शेजारी शेजारी. माझ्याकडची ४१ पानं खोटी म्हणायची सोय कुणाला उरली नाही. आणि सात महिने लागले हे मोजायला सीए लागत नाही. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "हा पॅरा होतो." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. समितीच्या कक्षाला मी ते उत्तर पुरवणी पत्र म्हणून जोडून दिलंय. पुन्हा पोच.

एकूण खर्च विचाराल तर स्टॅम्प, टपाल, झेरॉक्स, पेट्रोल धरून साडेसहाशेच्या आसपास. रजा साडेचार दिवस. दोन अर्ज, एक अपील, कार्यालयांत नऊ खेपा. राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील करायची वेळ आली नाही. आली असती तर त्याला नव्वद दिवसांची मुदत असते आणि मग वाट बघण्याची तयारी वेगळी ठेवावी लागते, असं तिथे गेलेल्यांकडून ऐकलंय.

बाबांना उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला.

"यात माझे तीन मंगळवार कुठे आहेत?"

"नाहीत. ते 'अंशतः'मध्ये गेले."

ते काही बोलले नाहीत. चिठ्ठ्या अजून त्यांच्या चष्म्याच्या डबीतच आहेत. मूळ प्रती मी त्यांच्याकडेच ठेवल्यात.

या महिन्यात पहिल्या मंगळवारी ते थर्मास घेऊन गेले. दोन कुप्या मिळाल्या, तिसरीसाठी पुढच्या मंगळवारी या म्हणाले. मी डायरीत तारीख लिहून ठेवली.